पाण्याला हिवाळा उशिरा कळतो



कळमेश्वर-ब्राह्मणीतल्या एवढ्या गारठ्यात, मफलर गुंडाळून, जेवणं लवकर आटोपून तुम्ही आलात याबद्दल आधी आभार मानतो. ‘हिवाळ्यातली तळी’ असा विषय मी कळवला, तेव्हा संयोजकांचा फोन आला. “सर, यावर दीड तास बोलता येईल का?” मी म्हटलं, “पाऊण तास बोलता येईल. उरलेल्या वेळात चहा घेऊ.” तेव्हा चहा नक्की आहे, या भरवशावर बसा.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला भूगोल शिकवला. पुढे मीही तोच विषय शिकवत निवृत्त झालो. पण भूगोलातलं जे एक वाक्य मला जन्मभर पुरलं, ते पुस्तकातलं नाही, त्यांचं आहे. शाळेच्या मागे दगडी विहीर होती, तिच्यावर लोखंडी कप्पी. डिसेंबरातल्या एका सकाळी गुरुजींनी प्रयोगशाळेतला तापमापक आणला, आम्हाला काठाशी उभं केलं आणि विचारलं, “सांगा, विहिरीचं पाणी हवेपेक्षा गार निघंल का ऊन?” आम्ही काकडत होतो, तोंडातून वाफा निघत होत्या. सगळ्या पोरांनी एका सुरात सांगितलं, “गार!” गुरुजींनी हवेचा पारा वाचून वहीत लिहायला लावला : नऊ अंश. मग बादली सोडली, भरून वर ओढली आणि ती काठावर टेकते न टेकते तोच तापमापक तिच्यात बुडवला. पंचवीस! बादलीवर वाफ तरंगत होती. एका पोरानं हात घातला तो बाहेर काढीचना. गुरुजी हसून म्हणाले, “पान्याले हिवाळा उशिरा समजते, बाप्पा.”

माझं आजचं व्याख्यान म्हणजे या एका वाक्याचा विस्तार आहे.

पाण्याला उशिरा का समजतं? कारण त्याच्या पोटात ऊब फार मावते. एक घनमीटर पाणी एक अंशानं थंड होताना जेवढी उष्णता सोडतं, तेवढ्या उष्णतेत सुमारे साडेतीन हजार घनमीटर हवा एक अंशानं गरम होते. म्हणून हवा तासाभरात गार होते, जमीन एका रात्रीत गार होते आणि तळ्याला त्यासाठी आठवडे, कधी महिने लागतात. शेजारीशेजारी राहणाऱ्या दोघांपैकी एकाला बातमी आज कळावी आणि दुसऱ्याला महिन्यानं, असा हा प्रकार. मधल्या काळात त्या दोघांमध्ये जो फरक पडतो, त्या फरकातून धुकं, वारा, लाटा, हिम हे सगळं जन्माला येतं.

सुरुवात घरापासून करू. आपली वेणा नदी. हिंगणघाटला तिला वणा म्हणतात आणि पुढे ती वर्धेला मिळते. तिच्यावरचा अमरावती रस्त्याकडचा वेणा जलाशय तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. पण पाहिला तो सुटीच्या दिवशी, दुपारी, डबा घेऊन. मी म्हणतो, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिथे पहाटे सव्वासहाला जा. पूर्वेकडे फटफटायला लागलेलं असतं आणि पाण्यावरून वाफेचे धागे सुटत असतात. जमिनीवरची हवा आठ-नऊ अंशांवर आलेली, पाणी अजून वीसच्या आसपास. त्या पाण्यावरची ओलसर उबदार हवा वर जाते, गार हवेत मिसळते आणि तिची वाफ दिसायला लागते. एखादा ढिवर मासेमार जाळं ओढताना कमरेएवढ्या पाण्यात उभा असतो. आपल्याला काठावर उभं राहून त्याची कीव येते. त्याला विचारलं तर तो सांगेल, पाण्यात आहे तोवर बरं असतं, खरं हिव भरतं ते बाहेर निघाल्यावर. ओल्या अंगावरून जरा जरी वारा गेला की दात वाजायला लागतात. थंडी तीच, पारा तोच. बदललं काय? वारा आला.

मंद वारा असला की हीच वाफ काठावरून सरकत शेतात जाते. तिला आपण धुई म्हणतो. धुई पडली की तुरीवाल्याचा जीव खाली-वर होतो, कारण नोव्हेंबर-डिसेंबरात तूर फुलावर असते. दिवस दिवस ओल धरून राहिली, ऊन पडलं नाही, तर फुलं गळतात, अळीला फावतं. धुईला दोष देताना आपण विसरतो की ती तळ्यानं साठवून ठेवलेल्या पावसाळ्याची शिल्लक असते.

आता या वेणेची एक नावबहीण पाहू. महाबळेश्वरचा वेण्णा तलाव. साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी १८४२ साली तो बांधवला. दर हिवाळ्यात पेपरात फोटो येतो : ‘वेण्णा तलाव परिसरात दवबिंदू गोठले’. धक्क्याच्या फळ्यांवर, गाड्यांच्या टपांवर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर. पर्यटक तो नखानं खरवडून मुठीत घेतात, फोटो काढतात आणि आपण काश्मीर पाहिल्याच्या आनंदात परततात. महाराष्ट्रातल्या तळ्याकाठचं हिम म्हणायचं तर एवढंच.

इथे तुमच्यातला एखादा चौकस विद्यार्थी मला अडवेल. “सर, पाणी उबदार असतं म्हणता, मग दव नेमकं तळ्याकाठीच का गोठतं? बाजारपेठेत का नाही?” प्रश्न रास्त आहे. निरभ्र रात्री जमीन आपली ऊब आकाशाकडे सोडून देते. गवताचं पातं, लाकडी फळी, गाडीचा पत्रा यांच्या पोटात ऊब साठवलेली नसते, म्हणून ती सगळ्यात आधी गार पडतात. हवामान खातं तापमान मोजतं ते जमिनीपासून साधारण चार फुटांवर, जाळीदार लाकडी पेटीत. पेटीतला पारा चार-पाच अंश दाखवत असतो तेव्हा खाली गवताच्या पात्यावर शून्य होऊन गेलेलं असतं. शिवाय गार हवा जड असते. ती उतारावरून ओघळत सखल जागी साचते, आणि तळं तर सखल जागीच असतं. दव पडायला ओलावा तळं पुरवतं. आणि मुख्य म्हणजे त्या रात्री वारा पडलेला असतो. पाण्याची ऊब पाण्यावरच राहते, चार पावलांवरच्या फळीपर्यंत पोचत नाही. वाऱ्याची झुळूक जरी सुटली तरी हवा ढवळली जाते आणि सकाळी फोटोला काही उरत नाही.

पाण्याची ऊब पोचवण्याचं काम वारा करतो. वेण्णेवर तो सुट्टीवर असतो, आपल्या वेणेवर पाय ओढत चालतो. आता आपण अशा ठिकाणी जाऊ, जिथे तो जीव घेऊन धावतो.

माझा भाचा अमेरिकेत बफेलोजवळ राहतो. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला, ईरी सरोवराच्या पूर्व काठावरचं हे शहर. त्याला तिथे नोकरी लागली तेव्हा आमच्या ताईनं मला विचारलं, “तलावाकाठी घर घेतलं म्हणते, ओल तर नाही ना यायची?” तिच्या डोळ्यांसमोर नागपूरचा फुटाळा तलाव होता. मी नकाशा काढून बसलो. ईरीची लांबी जवळपास ३९० किलोमीटर. म्हणजे नागपूरहून निघालं तर अकोला ओलांडून खामगावच्याही पुढे पाणीच पाणी. आणि अमेरिका-कॅनडाच्या सीमेलगतच्या पाच महासरोवरांतलं हे चौथ्या क्रमांकाचं. थोरलं भावंड म्हणजे सुपीरियर. त्याचं क्षेत्रफळ सुमारे ८२,१०० चौरस किलोमीटर. आपल्या विदर्भाचे अकराही जिल्हे मिळून ९७ हजारांच्या आसपास भरतात. नागपूरकर ज्या तोतलाडोहाचं पाणी पितात, त्याचा उपयुक्त साठा साधारण एक घन किलोमीटर आहे. सुपीरियरमध्ये असे बारा हजार तोतलाडोह मावतात. एवढ्या पाण्याला हिवाळा किती उशिरा समजत असेल, विचार करा. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला सूर्य सगळ्यात खाली असतो, पण या सरोवरांवर बर्फ सर्वाधिक पसरतो तो फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चच्या सुरुवातीला. आपल्याकडे होळीची लाकडं गोळा व्हायला लागतात, तेव्हा कुठे त्या पाण्याला थंडीची बातमी पुरती पोचते.

या उशिरानं काय घडतं, ते नोव्हेंबर २०२२ मध्ये दिसलं. त्या महिन्याच्या १७ ते २० तारखेला कॅनडाकडून आलेली बर्फाळ हवा नैऋत्येकडून ईरीवरून लांबीच्या दिशेनं वाहू लागली. सरोवराचं पाणी अजून दहा अंशांच्या घरात होतं. खाली कोमट पाणी, वर शून्याखालची हवा. वाहता वाहता ती हवा खालून तापत गेली, वाफ पीत गेली आणि वर चढून तिचे ढग झाले. तिकडचे हवामानवाले एक ठोकताळा सांगतात : पाण्याचं पृष्ठ आणि दीड किलोमीटर उंचीवरची हवा यांच्यात तेरा अंशांचा फरक पडला की हे यंत्र सुरू होतं. वारा सरोवराच्या लांबीला समांतर असला तर सगळे ढग एका चिंचोळ्या पट्ट्यात गोळा होतात आणि तो पट्टा काठावर जिथे चढतो, तिथे सगळं ओततो.

त्या चार दिवसांत बफेलोच्या दक्षिणेला ऑर्चर्ड पार्क नावाच्या गावी ८० इंच हिम पडलं. दोन मीटर! माणूस उभा बुडेल एवढं. गावाच्या नावाचा अर्थ बघा : बागेचं गाव. तिथल्या स्टेडियमवरचा अमेरिकन फुटबॉलचा मोठा सामना डेट्रॉइटला हलवावा लागला. मी काळजीनं भाच्याला फोन लावला. तो शहराच्या उत्तरेला राहतो. म्हणाला, “मामा, आमच्याकडे घोट्याएवढं आहे. गाडी काढून भाजी घेऊन आलो.” दोन्ही ठिकाणांतलं अंतर किती? कळमेश्वर ते नागपूर, साधारण तेवढंच. एका गावात दार उघडत नाही आणि पंचवीस-तीस किलोमीटरवर भाजी मिळते. एका शिवारात गारा पडतात आणि पुढच्या शिवारात कोरडं राहतं, हे आपण अनुभवतोच. त्याचा हा थोरला अवतार.

भाच्यानं आणखी एक गोष्ट सांगितली ती मला फार आवडली. तिथली जुनी माणसं हिवाळ्यात ईरी गोठण्याची वाट पाहतात. पाचही सरोवरांत ते सगळ्यात उथळ आहे, सरासरी खोली अवघी १९ मीटर, त्यामुळे ते लवकर गोठतं. एकदा बर्फाचं झाकण बसलं की वाफ बंद, वाफ बंद झाली की हिमाचा कारखाना जवळपास बंद. तळं गोठलं की ते लोक निर्धास्त होतात. पण हल्ली झाकण नेहमी बसत नाही. २०१४ च्या मार्चमध्ये पाच सरोवरांचा मिळून ९२ टक्क्यांहून जास्त पृष्ठभाग गोठला होता, तर २०२४ च्या हिवाळ्यात कमाल व्याप्ती १६ टक्क्यांच्या आसपास राहिली. हिवाळा सौम्य झाला म्हणून हिम कमी पडेल, असं म्हणायची सोय नाही. उघडं पाणी जितके जास्त दिवस राहील, तितके दिवस ते यंत्र चालू राहू शकतं.

आता लाटांकडे येतो. लाट किती मोठी होणार, हे तीन गोष्टींवर ठरतं : वारा किती जोराचा, किती वेळ वाहिला आणि उघड्या पाण्यावर त्याला धावायला किती लांब जागा मिळाली. शरदाच्या शेवटी महासरोवरांवर तिन्ही गोष्टी जुळून येतात. १९१३ च्या नोव्हेंबरातल्या वादळानं तिथे बारा जहाजं बुडवली आणि अडीचशेहून अधिक माणसं गेली. १० नोव्हेंबर १९७५ च्या संध्याकाळी ‘एडमंड फिट्झजेराल्ड’ हे २२२ मीटर लांबीचं मालवाहू जहाज सुपीरियरमध्ये बुडालं. पोटात लोहखनिजाच्या गोळ्या, वर २९ माणसं. एकही वाचला नाही. समुद्र नव्हे, गोड्या पाण्याचं तळं! खाऱ्या समुद्राची लाट लांब आणि ऐसपैस असते, जहाजाला तिच्यावर चढायला-उतरायला अवकाश मिळतो. सरोवराची लाट आखूड, उभी आणि एकामागून एक येणारी. त्यात फवारा जहाजाच्या लोखंडावर पडता पडता गोठतो आणि जहाज वरून जड होत जातं.

ईरीवर आणखी एक गंमत होते. गंमत म्हणायची ती आपण लांब आहोत म्हणून. परातीत पाणी घेऊन एका बाजूनं जोरानं फुंकलं तर पाणी पलीकडच्या काठाशी चढतं. नैऋत्येचं वादळ ईरीला असंच फुंकतं. पूर्वेला बफेलोकडे पाणी चढतं, पश्चिमेला टोलेडोकडे तळ उघडा पडायला लागतो, आणि दोन्ही टोकांच्या पातळीत दोन मीटरांहून अधिक फरक पडू शकतो. वारा पडला की ते पाणी परत फिरतं आणि परातीतल्यासारखं हिंदकळत राहतं. एका हेलकाव्याला चौदा-एक तास लागतात. म्हणजे वादळ गेलं, आभाळ निवळलं, लोक दार उघडून बाहेर आले, तरी पाण्यात ते अजून चालूच असतं. इथेही पाण्याला बातमी उशिराच कळते.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे कुठे आल्यात असल्या लाटा? आपल्या जलाशयावर वाऱ्याला धावायला जागा थोडी, लाट गुडघ्याएवढीही होत नाही. खरं आहे. पण लाट मोठी की लहान, हे नावेच्या काठाकडे पाहून ठरवायचं असतं. ज्या डोंग्याचा काठ पाण्याच्या वर वीतभर आहे, त्याला वीतभर लाट पुरते. त्यात माणसं जास्त बसली, एकाच बाजूला सरकली, की वाऱ्याचीसुद्धा गरज नाही. ९ जुलै २०१७ च्या रविवारी संध्याकाळी याच वेणा जलाशयात नाव उलटून तरुण मुलं बुडाली. पावसाळा होता, हिवाळा नव्हे. पण पाण्यावर जाताना अंगात लाइफ जॅकेट हवं, ही गोष्ट ऋतूवर अवलंबून नाही. मी त्या मुलांच्या वयाच्या मुलांना तीस वर्षं शिकवलं. भरती-ओहोटी शिकवली, समुद्रप्रवाह शिकवले. आपल्या गावाजवळच्या जलाशयात नावेत कसं बसावं, हे एका तासाचंही शिकवलं नाही. कुठल्याच पुस्तकात ते नव्हतं आणि मलाही सुचलं नाही. ही चूक माझी आहे, तिचा दोष मी पुस्तकावर ढकलत नाही.

थोडा सुखाचा विषय घेऊ. जे ईरी सरोवर गावं हिमानं गाडतं, तेच आपल्या काठाला द्राक्षांचे मळे जगवतं. दक्षिण किनाऱ्यालगत मैलोन्‌मैल काँकर्ड जातीच्या काळ्या द्राक्षांचे मळे आहेत. एवढ्या उत्तरेला, एवढ्या हिमाच्या मुलखात द्राक्षं? पुन्हा तेच कारण. शरदात पाणी कोमट असतं, म्हणून काठावर पहिला कडाका उशिरा पडतो आणि घड पिकायला मुदत मिळते. वसंतात उलटं होतं. हवा तापली तरी पाणी थंडगारच, त्यामुळे काठावरची वेल उशिरा फुटते. आत दूरच्या शेतातली वेल दोन उबदार दिवसांना भुलून डोळे उघडते आणि मागून आलेल्या कडाक्यात तिचे कोंब जळतात. तळ्याकाठची वेल तोवर झोपलेली असते, म्हणून वाचते. सरोवराचा उशीर तिथल्या बागायतदाराचा विमा आहे.

हे ऐकताना सभागृहातल्या संत्र्यावाल्यांचे कान टवकारले असतील. त्यांच्याकडे येतोच. त्याआधी दोन मिनिटं पाहुण्यांसाठी.

तिबेट आणि मंगोलियातली तळी तर पुरती गोठतात. चीनमधलं छिंगहाय सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,२०० मीटर उंचीवर आहे. असल्या तळ्यांच्या काठी पट्टकादंब नावाचा राखी हंस वीण घालतो. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूनं दोन काळे आडवे पट्टे, ही त्याची खूण. पाण्यावर झाकण बसायच्या आत तो निघतो आणि हिमालय ओलांडून दक्षिणेला येतो. या पक्ष्यांच्या अंगावर ट्रान्समीटर लावून अभ्यास झाला, तेव्हा दिसलं की हिमालयाची अवघड चढण ते शक्यतो रात्री आणि पहाटे चढतात. त्या वेळी हवा थंड, दाट आणि स्थिर असते, पंखाला धरायला घट्ट सापडते. दुपारच्या भरकटवणाऱ्या वाऱ्याच्या नादी ते लागत नाहीत. असे पट्टकादंब आपल्या जिल्ह्यात उमरेडकडच्या पारडगावच्या तलावावर उतरतात. दिवसा पाण्यावर बसतात, अंधार पडला की आसपासच्या गहू-हरभऱ्यात चरतात. तिकडचं पाणी गोठतं आणि इकडचं गोठत नाही, एवढ्या एका फरकासाठी हा पक्षी जगातली सगळ्यात उंच डोंगररांग पार करतो. आपल्या गावतळ्याची याहून मोठी किंमत कोणी केलेली मला माहीत नाही.

आता संत्री. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर गेला. त्याआधीचा नीचांक ७ जानेवारी १९३७ चा, ३.९ अंशांचा. जवळपास ब्याऐंशी वर्षांनी तो मोडला. त्या सकाळी तुम्ही कुठे होतात, ते तुम्हाला आठवत असेल. मी रजईत होतो. अशी लाट येते कशी? भूमध्य समुद्राकडून निघालेले पश्चिमी झंझावात उत्तरेत हिमालयावर हिम टाकून पुढे सरकतात. ते गेले की आभाळ निवळतं, उत्तरेकडची कोरडी गार हवा खाली उतरते, आणि निरभ्र रात्री जमीन आपली उरलीसुरली ऊब सोडून देते. सपाट प्रदेशात किमान तापमान दहा अंश किंवा त्याखाली आलं आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी उतरलं, की हवामान खातं ‘थंडीची लाट’ जाहीर करतं.

या थंडीनं संत्र्याचं झाड मरतं का? मरत नाही. साधारण तेरा अंशांखाली त्याची वाढ थांबते, झाड विश्रांती घेतं. आंबिया बहार घेणारा बागायतदार तर डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडून मुद्दाम ताण देतो. ताण आणि गारठा दोन्ही मिळाले की झाडात फुलकळी धरते. तेव्हा आंबियावाल्यानं थंडीला शिव्या देऊ नयेत, ती त्याची मजूर आहे. प्रश्न मृग बहारवाल्याचा. त्याच्या झाडावर फळ असतं. तिथे, भाजीपाल्यात आणि रोपवाटिकेत संध्याकाळी विहिरीचं हलकं पाणी द्यायचं, हे आपले जुने शेतकरी करत आले. गुरुजींच्या बादलीतलं तेच पंचवीस अंशांचं पाणी. ओली जमीन कोरड्या जमिनीपेक्षा दिवसाची ऊब जास्त धरते आणि रात्रभर ती सावकाश सोडते. ईरी सरोवर द्राक्षांसाठी जे करतं, तेच आपली विहीर आपल्या बागेसाठी करते. वाफ्यात पसरलेलं हलकं पाणी हे आपलं खिशात मावणारं महासरोवर आहे.

मग आपला घात कशानं होतो? थंडी जाताना होतो. फेब्रुवारीत ऊन चढतं, जमीन तापते, बंगालच्या उपसागराकडून ओलावा येतो. आणि त्याच वेळी एखादा उशिरा आलेला पश्चिमी झंझावात वरच्या थरात गारेगार हवा घेऊन येतो. खाली ऊन आणि ओल, वर बर्फाळ हवा. ईरीवरचं यंत्र तुम्हाला आठवलं असेल. तिथे खालची ऊब सरोवर देतं, इथे उन्हानं तापलेली जमीन देते. तिथे हिम भुरभुरत येतं. इथे ढग कितीतरी उंच चढतो, थेंब वर-खाली फेकले जाऊन थरावर थर गोठतात आणि गारा होऊन पडतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर आठवडेच्या आठवडे हे चाललं. २०१८ च्या फेब्रुवारीत विदर्भ-मराठवाड्यानं ते पुन्हा पाहिलं. मृगाचं तोडणीला आलेलं फळ आणि आंबियाचं नुकतं फुललेलं फूल, दोन्ही एकाच वेळी झाडावर असतात ते नेमके हेच दिवस. गार लागलेल्या संत्र्याला आधी नुसता खळगा दिसतो. दोन दिवसांनी तो काळा पडतो. चार दिवसांनी फळ जमिनीवर असतं.

३.५ अंशांची रात्र आपण शेकोटीपाशी काढली आणि सकाळी बाग जागेवर होती. तीस अंशांची फेब्रुवारीतली दुपार मात्र बाग घेऊन गेली. थंडीचा आकडा पेपरात पहिल्या पानावर येतो, थरांमधला फरक कुठेच येत नाही. तो आपणच मोजायला हवा.

म्हणून जाता जाता एक मागणी करतो. गुरुजींच्या नावाची व्याख्यानमाला आहे, तेव्हा मागणीही त्यांच्याच पद्धतीची, थोडक्यात आणि स्वस्तात होणारी. तालुक्यातल्या ज्या शाळेजवळ विहीर किंवा तळं आहे, त्या शाळेनं तीन साधे तापमापक घ्यावेत. एक सावलीत, जमिनीपासून चार फुटांवर टांगायचा. दुसरा उघड्यावर, गवताला टेकून. तिसरा बादलीत, पाणी वर आल्याबरोबर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, रोज सकाळी सूर्योदयाच्या सुमारास तीन आकडे आणि चौथ्या रकान्यात एक शब्द : वारा आहे की नाही. मुलांना एवढंच सांगायचं, आकडा वाचताना तापमापकावर श्वास सोडू नका. तीन-चार हिवाळे ही वही भरली की दव कोणत्या रात्री गोठेल, धुई कोणत्या शिवारात उतरेल, पाणी कधी द्यावं आणि कधी मुळीच देऊ नये, हे आपल्याला आपल्याच आकड्यांवरून सांगता येईल.

तापमापकांचा खर्च मी माझ्या निवृत्तिवेतनातून करतो. वह्या संयोजकांनी द्याव्यात. आणि पुढल्या वर्षी याच दिवशी, माझ्यासारख्या म्हाताऱ्याला बोलावण्याऐवजी, सातवी-आठवीतल्या दोन मुलांना इथे उभं करून ती वही वाचायला लावा. नीरस वाटेल. नुसते आकडे असतील. पण ऐकायला मी पहिल्या रांगेत असेन.

चहा तयार आहे असं दिसतं. तो तेवढा लवकर घ्या, कपातलं पाणी तळ्याएवढा दम धरत नाही.